खाटकीण बोलली तो पन्नासावा दिवस

बाजारात तिला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. सकाळी मटणाच्या गाळ्याचं शटर वर गेलं की तिची पहिली आरोळी उठायची, आणि तिसऱ्या गल्लीतला चपला शिवणारा त्यावर आपलं घड्याळ लावून घ्यायचा, असं लोक सांगत. गिऱ्हाईक बोलवायचं असो, शेजाऱ्याशी भांडायचं असो की मयताच्या घरी धीर द्यायचा असो, तिच्याकडे आवाज एकच होता. चर्चमध्ये ती गाऊ लागली की पुढच्या बाकावरची माणसं खांदे वर करून मान आत ओढून घ्यायची. पाळकांनी एकदा चाचरत सुचवलं, "बाई, प्रभूला कमी ऐकू येत नाही." ती म्हणाली, "मग त्याला माझा त्रास कसला?" पाळकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

खाटकाची ती एकुलती एक लेक. बापाने तिला अकराव्या वर्षी सुरीला धार लावायला शिकवलं आणि चौदाव्या वर्षी अख्खं बकरं सोलायला. पातं कुणाच्या हाती द्यायचं झालं तर मूठ समोरच्याकडे, पातं आपल्याकडे. हा धडा त्याने तिच्या बोटांवर छड्या मारून पक्का करून घेतला होता. नवरा मिळाला तो अगदी गरीब गाय. रक्त दिसलं की त्याला घेरी यायची. खाटकिणीशी संसार करून तो जन्मभर भाजीपाल्यावर जगला आणि एके वर्षी काविळीने गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली ती सासू: पंच्याऐंशीच्या घरातली, एका कानाने बहिरी आणि जिभेने सुरीहून तिखट. गाळ्याच्या वर दोन खोल्या, मागच्या बाजूने अरुंद जिना, आणि त्यात या दोघी. दिवसातून चारदा भांडायच्या, पण एकीला ताप आला की दुसरी जेवायची नाही.

कत्तलखान्याच्या फाटकाशी एक लहानसं टेबल होतं. तिथे शिक्केवाला बसायचा. जनावर आधी जिवंत असताना तो बघायचा, कापल्यावर पुन्हा बघायचा, आणि मग मांसावर जांभळ्या शाईचा शिक्का उठवायचा. त्या शिक्क्याशिवाय बाजारात मांसाचा एकही फरा टांगायच्या आकड्यावर चढत नसे. त्याची बोटं कायम जांभळी. चर्चमध्ये तो बायकोबरोबर बरोबर भोंगाच्या मागच्या बाकावर बसायचा आणि उपासना संपली की दर रविवारी एकच विनोद करायचा, "ताई, माझा डावा कान आजपासून रजेवर." तीही दर रविवारी हसायची.

आणि मुकादम होता. बाजारातल्या हमालांची टोळी त्याची. आलेला ट्रक त्याच्या माणसांनी उघडल्याशिवाय उघडत नसे, आणि उघडला की आत काय आहे हे कुणी विचारत नसे. गेले काही महिने आजारी जनावरं येत होती. शिक्केवाला ती परत पाठवत होता. सगळ्या बाजाराला हे ठाऊक होतं. सगळा बाजार बघत होता, कोण आधी वाकतो ते.

ईस्टरच्या दिवशी उपासना दहाला संपली. त्या दिवशी मटणाला मागणी असते, म्हणून गाळे लगेच उघडले. भोंगाने चर्चचेच कपडे ठेवून वर एप्रन बांधला होता. मुकादमाचा ट्रक आला. त्यात अकरा मेंढ्या, तोंडाला फेस, दोन तर उभ्याही राहत नव्हत्या. शिक्केवाला बायकोला चर्चच्या पायऱ्यांवरच सोडून पांढऱ्या सदऱ्यात तसाच आला. त्याने मेंढ्यांचे डोळे उघडून पाहिले, जिभा पाहिल्या, आणि शिक्क्याची पेटी बंद करून किल्ली खिशात टाकली.

"हे मांस खाऊन उद्या कुणाचं पोर गेलं तर?" तो म्हणाला. "नाही म्हणजे नाही."

मुकादमाने आवाजही चढवला नाही. नुसती मान हलवली.

त्याच्या टोळीतल्या चौघांच्या हातात सळया होत्या. पहिला घाव गुडघ्यावर बसला, तो भोंगाच्या गाळ्यासमोर. शिक्केवाला खाली बसल्यासारखा कोसळला, मग पेटी छातीशी धरून रांगत गाळ्याच्या फळीपर्यंत आला. पाठीवर, मानेवर, पेटी धरलेल्या हातांवर सळया पडत राहिल्या. शाईची बाटली फुटली आणि पांढऱ्या सदऱ्यावर जांभळं आणि लाल एकमेकांत मिसळलं. त्याने फळीची कड पकडली, वर पाहिलं आणि म्हणाला, "ताई."

मुकादम पुढे आला. त्याची नजर खालच्या माणसावरच होती. भोंगाकडे न बघताच, पाण्याचा तांब्या मागावा तसा त्याने हात बाजूला पसरला.

"दे," तो म्हणाला.

आणि तिने दिला. हातातला सत्तूर तिने दिला. मूठ त्याच्याकडे, पातं आपल्याकडे.

दोन घाव झाले. तिने आयुष्यात हजारो हाडं तोडली होती. दुसऱ्या घावाला मान तुटली हे तिला न बघताही कळलं. मुकादमाने तिच्याच बादलीत सत्तूर विसळला आणि लाकडी ओंडक्यावर नीट ठेवला. "धार चांगली ठेवतेस, भोंगाबाई," एवढं बोलून तो गेला. त्या मेंढ्या तासाभरात कापल्या गेल्या. शिक्का मेलेल्या शिक्केवाल्याच्याच खिशातल्या किल्लीने काढून मारला.

इन्स्पेक्टर दुपारी आला. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी आत बर्फ आणायला गेले होते." शेजारचा अंडेवाला बर्फ आणायला गेला होता. समोरचा कोंबडीवालाही. चाळीस गाळे, चाळीस माणसं, सगळी आत. इन्स्पेक्टरने वही मिटली. "आज बर्फावर भलतीच गर्दी उसळली होती म्हणायची," तो म्हणाला, आणि त्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

त्या दिवसापासून तिच्या तोंडून आरोळी निघेना. तिने वेगळी सुरी काढली. सत्तूर पोत्यात गुंडाळून सासूच्या खाटेखाली सरकवला, पुन्हा धुतला नाही. गिऱ्हाईक बोटाने दाखवायचं, ती कापून द्यायची. बाजारात चोरून कुजबुज झाली, भोंग्याची वीज गेली म्हणून. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात अंडेवाल्याला राहवेना. तो हलक्या काळजाचा म्हातारा. अंडं फुटलं तरी हळहळणारा. तो इन्स्पेक्टरला चोरून भेटला आणि एक नाव सांगून आला. तिसऱ्या दिवशी भरदुपारी मुकादमाचे दोघे आले. त्यांनी त्याचे दोन्ही हात त्याच्याच गाळ्याच्या उंबऱ्यावर धरले आणि लोखंडी शटर खेचून खाली आदळलं. वर केलं. पुन्हा आदळलं. भोंगा शेजारीच उभी होती, मधे फक्त पत्रा. त्याची किंकाळी दोन गल्ल्यांत गेली. तिने पत्र्याला पाठ लावली आणि तोंडात एप्रनचा बोळा कोंबला. शटरवरून रक्त ओघळून तिच्या उंबऱ्याशी आलं. मग त्यातल्या एकाने तिच्या गाळ्यात डोकावून विचारलं, "मावशी, तू बर्फ आणायला गेली होतीस ना?" तिने मान हलवली.

त्या संध्याकाळी तिने शटर ओढलं, कुलूप लावलं आणि वर जाऊन कडी घातली. मग ती उतरलीच नाही. दिवसभर खिडकी लावून बसायची. जिन्यात पाऊल वाजलं की भिंतीला चिकटायची. जी बाई सांड जनावराला शिंगं धरून वळवायची ती मांजराच्या उडीनेही कोपऱ्यात सरकू लागली.

शिक्केवाल्याची बायको एक दिवस जिना चढून आली. तिने दार वाजवलं. कडी निघाली नाही. मग ती दाराशीच बसली असावी, कारण आवाज खालून आला.

"तू आत आहेस. मला तुझा श्वास ऐकू येतोय. मी भांडायला नाही आले गं. तू तीन गल्ल्यांपलीकडून माणूस बोलवतेस. त्या दिवशी एक हाक मारली असतीस, तर मी धावत आले असते. निदान त्याचं डोकं मांडीवर घेतलं असतं. मला नंतर सांगितलं लोकांनी. नंतर म्हणजे दोन तासांनी."

भोंगाने स्वतःच्या मनगटात दात रुतवले. रक्ताची चव लागेपर्यंत. पायऱ्या उतरल्याचा आवाज विरला तरी तिने दात काढले नाहीत. सासूने तिचा जबडा बोटांनी उघडला.

"काय झालंय सांग," सासू म्हणाली. "नुसती भीती असती तर हात चावला नसतास."

मग तिने सांगितलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा सलग तीन वाक्यं. "सत्तूर मी दिला, आई. मुकादमाने मागितला आणि मी दिला. शिक्केवाल्याने मला ताई म्हटलं होतं."

म्हातारीने तिच्या कानशिलात भडकावली. सगळा जीव एकवटून. अंगठी लागून ओठ फाटला. नंतर म्हातारीच धापा टाकत खाटेवर बसली. भोंगा तिच्या पायाशी बसून राहिली, ओठातलं रक्त एप्रनवर टिपत.

"वधस्तंभानंतर ते शिष्य कुठे होते, ठाऊक आहे तुला?" सासू शेवटी म्हणाली.

"चर्चची गोष्ट नको, आई."

"चर्चची नाहीच, तुझीच आहे. ते असेच कडी लावून बसले होते, माडीवर. जिन्यात पाऊल वाजलं की यांचं काळजाचं पाणी. आणि त्यांचा म्होरक्या, तो मासे धरणारा, मोठ्या तोंडाचा, अगदी तुझ्यासारखा. शेकोटीपाशी एका मोलकरणीने विचारलं, तू त्याच्याबरोबर होतास ना? तर म्हणे मी ओळखतच नाही. एकदा नाही, तीनदा. आत प्रभूला मारत होते, हा बाहेर हात शेकत होता."

"त्याने शस्त्र नव्हतं दिलं."

"नाही दिलं. तू दिलंस. तुझं जास्त आहे, कबूल." म्हातारीने खोटा धीर द्यायचा प्रयत्नही केला नाही. "पण ऐक. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी आत्मा उतरला म्हणतात. वाऱ्याचा आवाज, डोक्यावर आगीच्या जिभा. लहानपणी मला वाटायचं त्या दिवशी मारेकरी मेले असतील, नाहीतर पळाले तरी असतील. कुठले? त्याच गावात, त्याच वाड्यांत सगळे जिवंत. सळया, तलवारी जिथल्या तिथे. कमी काहीच झालं नव्हतं. आणि तो मासेवाला जिना उतरला, भर रस्त्यात उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही मारलंत त्याला. पेन्टेकॉस्ट म्हणजे एवढंच, पोरी. बाकी लाल पताका मुलांसाठी असतात. येत्या रविवारी आहे. मी जाणार. तू यायचं तर ये."

रविवारी चर्च लाल झालं होतं. वेदीवर लाल कापड, पाळकांच्या गळ्यात लाल पट्टा, छताला मुलांनी कापलेल्या लाल कागदाच्या पट्ट्या. दारातून वारा आला की सळसळायच्या. चार मुलामुलींचं दृढीकरण होतं, म्हणजे मंडळीत रीतसर घ्यायचा विधी, आणि ती नव्या कपड्यांत पुढे अवघडून बसली होती. पाळकांनी त्या दिवशी शिक्केवाल्याची आठवण काढायचं जाहीर केलं होतं, आणि ते मुकादमाच्या कानावर गेलं होतं. शेवटच्या बाकावर त्याची दोन माणसं बसली होती, पाय पसरून.

भोंगा सासूचा हात धरून आत आली. दुसऱ्या हातात कापडी पिशवी. ती नेहमीच्या बाकावर बसली. मागच्या बाकावर शिक्केवाल्याची बायको एकटी होती.

शास्त्रपाठ झाला. पाळक बुटके, काडीसारखे, आवाजही बारीक. ते म्हणाले, "आज कुणाला मोठ्याने प्रार्थना करायची असेल तर करा." शेवटच्या बाकावरून कुणीतरी मुद्दाम खाकरलं.

भोंगा उठली. तोंड उघडलं तर नुसती हवा निघाली. लोक वळून बघू लागले. मग घशातून घोगरं काहीतरी आलं.

"शिक्केवाल्याला मुकादमाने मारलं. माझ्या गाळ्यासमोर. मी बर्फ आणायला गेले नव्हते. मी तिथेच होते." ती मागे वळली, त्या बाईकडे. "वहिनी, सत्तूर मी दिला. त्याने मागितला आणि मी दिला. इथे आहे, पिशवीत."

पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. बाक उलटे पडल्याचा आवाज. केसांत मूठ. ती मागे ओढली गेली. पिशवी अजून हातात होती आणि आतली सत्तुराची मूठ तिच्या तळव्याला लागत होती. एक झटका, आणि ज्याने केस धरले होते त्याचं मनगट खाली पडलं असतं. एवढं तिला त्या क्षणी लख्ख कळलं. तिने पिशवी सासूच्या मांडीवर फेकली. सासूने ती बाकावर ठेवली आणि तिच्यावर बसली. नंतर एकाने तिला उठवायचा प्रयत्न केला तेव्हा म्हातारीने त्याचा अंगठा दाढेत धरला.

भोंगाला फरफटत पायऱ्यांवर आणलं. तोंड दगडी कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. जबडा मोडला तरी ती बोलत होती, फेसाळलेल्या रक्तातून, "मुकादमाने मारला! मुकादमाने!" आणि आता तो आवाज पूर्वीचा होता. रस्त्यावरची माणसं थांबली. गाळ्यांतून डोकी बाहेर आली.

पहिला आला तो अंडेवाला. दोन्ही हात प्लास्टरमध्ये, ते उगारून. "मीही पाहिलं! मीही!" त्याने एकाच्या नाकावर प्लास्टर हाणलं आणि स्वतःच वेदनेने ओरडला. पाळक दुसऱ्याच्या पायाला मिठी मारून लोंबकळले. शिक्केवाल्याची बायको दानाचं पितळी ताट घेऊन धावत आली आणि त्या माणसाच्या डोक्यात घालत राहिली, ताट वाकडं होईपर्यंत. मग सगळेच तुटून पडले. कोंबडीवाला, चपला शिवणारा, दृढीकरणाला आलेल्या मुलीचा बाप. लाथा, दगड, बाकाचे तुटलेले पाय. दोघे रक्ताने माखून पडले तरी मारणारे थांबेनात. पाळक आता उलट ओरडत होते, "बस करा! देवाच्या नावाने बस करा!" एकाचा डोळा कायमचा गेला. भोंगाने ते पडल्यापडल्या पाहिलं. नंतर ती म्हणायची, त्या दिवशी नुसता पवित्र आत्मा उतरला असं मी कसं म्हणू. सात आठवड्यांची भीती नासून आमच्यातून बाहेर पडत होती, आणि तिला घाण वास होता.

इन्स्पेक्टरने त्याच दिवशी चर्चच्या बाकांवर बसून एकतीस जबाब घेतले. सत्तुराच्या मुठीच्या फटीत वाळलेलं रक्त सापडलं. मुकादमाला संध्याकाळी त्याच्या बहिणीच्या घरातून धरला.

खटला पावणेदोन वर्षं चालला. एकतिसांपैकी एकोणीस जण कोर्टात उभे राहिले. बाकीच्यांना पुन्हा बर्फ आठवला. भोंगाचा जबडा सहा आठवडे तारेने बांधलेला होता आणि नंतरही वाकडाच जुळला. मुकादमाच्या वकिलाने तिला विचारलं, "म्हणजे शस्त्र तुम्ही पुरवलंत?" ती म्हणाली, "हो." "तुम्हाला कुणी धमकावलं होतं?" "नाही. नुसतं दे म्हणाला." त्या प्रामाणिकपणामुळेच न्यायाधीशांनी तिच्या बाकीच्या साक्षीवर भरवसा ठेवला, असं लोक सांगतात. मुकादमाला जन्मठेप झाली. सळयावाल्या चौघांतले दोघे पुराव्याअभावी सुटले. त्यातला एक अजून बाजारात येतो. तो समोरून गेला की तिची सुरी हातात थबकते, आणि मग ती पुन्हा कापू लागते.

मधल्या काळात, खटला चालू असतानाच, पुढचा पेन्टेकॉस्ट आला. शिक्केवाल्याची बायको वर्षभर भोंगाशी एक शब्द बोलली नव्हती. कोर्टाच्या व्हरांड्यातही दुसऱ्या टोकाला बसायची. पाळकांनी त्या दिवशीही विचारलं, कुणाला मोठ्याने प्रार्थना करायची आहे का. ती उठली.

"प्रभू," ती म्हणाली, "त्याला तुरुंगात भरपूर आयुष्य दे. रोज सकाळी त्याला माझ्या नवऱ्याचा चेहरा दाखव. ज्यांनी पाहिलं आणि जे गप्प बसले त्यांना झोप देऊ नकोस." पाळकांनी तिला थांबवलं नाही. "आणि हिला, जिने दिला, तिला मी क्षमा केलेली नाही. करावी लागेल हे मला ठाऊक आहे. ते तुझं काम आहे, माझ्याने होत नाही. घाई करू नकोस मला."

आमेन कोण म्हणणार, कशाला म्हणणार, कुणाला सुचेना. मग भोंगाच वाकड्या तोंडाने म्हणाली, "आमेन."

उपासना पुढे सरकली. गीत सुरू झालं तेव्हा शिक्केवाल्याची बायको आपल्या बाकावरून उठली, पुढे आली आणि भोंगाच्या बाकाच्या टोकाला बसली. दोघींच्या मधे दोन माणसं मावतील एवढी जागा होती. म्हातारीने ते पाहिलं आणि सरकून ती जागा भरायला निघाली, तेव्हा भोंगाने तिचा हात धरून तिला बसवलं. "राहू दे, आई," ती म्हणाली.